नवी टिप घातली की पहिला जॉब जातो : व्हीटीएलवरच्या टूल बदलाचं एक प्रकरण

कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात फाउंड्री आणि मशीन शॉप एकमेकांच्या आधारानं वाढले. एका शेडमध्ये बीड (कास्ट आयर्न) ओततात, दुसऱ्या शेडमध्ये त्याच कास्टिंगचं मशीनिंग होतं आणि दोन्ही शेडमधलं अंतर कधीकधी टेम्पोच्या एका फेरीइतकंही नसतं. हे प्रकरण अशाच एका जॉबवर्क करणाऱ्या मशीन शॉपचं आहे. शॉपचं नाव इथं देत नाही.

जॉब होता ट्रक-बसच्या मागच्या चाकाचा ब्रेक ड्रम. ग्रे कास्ट आयर्न, आतला व्यास ४१० मिमी, ब्रेक लायनर घासतो त्या पट्ट्याची उंची १८० मिमी. हबवर बसणारा मधला बोअर, म्हणजे भोक, २८२ मिमी, एच ८ या टॉलरन्समध्ये, म्हणजे मापाला शून्य ते अधिक ८१ मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) एवढीच सूट. ड्रमच्या आतल्या व्यासाचा टॉलरन्स तुलनेनं सैल होता. सगळी भानगड मधल्या बोअरची होती.

मशीन सीएनसी व्हीटीएल, म्हणजे उभा लेथ. जॉब पकडणारा चक खाली आडवा, जॉब त्यावर बसवायचा, टूल धरणारा टरेट वरून खाली येणार. एवढा जड ड्रम आडव्या लेथवर लटकवून धरण्यापेक्षा हे सोपं, कारण जॉब स्वतःच्याच वजनानं जागेवर बसतो. फॅनुक कंट्रोल, तीन जॉचा हायड्रॉलिक चक. रफिंगला आणि बोअरच्या फिनिशिंगला वेगवेगळे टूल, दोन्हीवर सीएनएमजी १२०४०८ टिप, म्हणजे होल्डरमध्ये बसणारा, कापणारा कार्बाइडचा तुकडा. चौकोनी तिरपी, दोन्ही बाजू मिळून चार कॉर्नर वापरता येणारी आणि टोकाची त्रिज्या ०.८ मिमी असलेली ही टिप इथल्या बहुतेक शॉपच्या ड्रॉवरमध्ये सापडते.

तक्रार काय होती

मालकांची तक्रार सरळ होती. बोअर मापाबाहेर जाऊन ड्रम रिजेक्ट होतात. जॉबवर्कमध्ये याचा अर्थ फक्त मजुरी बुडाली असा होत नाही. मशीनिंगमध्ये कास्टिंग गेलं की फाउंड्री डेबिट टाकते, म्हणजे कास्टिंगची किंमत शॉपकडून वसूल करते आणि एका ड्रमचं डेबिट भरून काढायला कितीतरी ड्रमांची मजुरी खर्ची पडते. प्रत्येकानं आपापलं कारण ठरवून ठेवलं होतं. मालकांना वाटत होतं मशीनचा एक्स ॲक्सिस, म्हणजे व्यास ठरवणारी टूलची आडवी हालचाल, सैल झालाय. सुपरवायझरना वाटत होतं नव्या खरेदीतल्या स्वस्त टिपा खराब आहेत. रात्रपाळीचे लोक म्हणत होते दिवसपाळीवाले सेटिंग बिघडवून जातात, आणि दिवसपाळीचं म्हणणं नेमकं याच्या उलट.

यातलं पहिलं कारण तपासायला सोपं होतं. एक्स ॲक्सिसला डायल लावून बॅकलॅश (ढिलेपणा) पाहिला, टरेट परत परत इंडेक्स करून त्याच जागेवर येतो का ते पाहिलं. दोन्ही ठीक होतं. मशीनला दोष देता येईना.

मग रिजेक्ट झालेले ड्रम एका कोपऱ्यात रचलेले होते, त्यांच्याकडे पाहिलं. प्रत्येकावर खडूनं माप लिहिलेलं. एक गोष्ट लगेच नजरेत भरली: कायमचे रिजेक्ट झालेले जवळजवळ सगळे बोअर मोठे होते. लहान बोअर असलेले ड्रम त्या ढिगात नव्हते, कारण बोअर लहान आला तर परत मशीनवर चढवून काढता येतो. पाळीची वही त्या मापांशेजारी धरली तेव्हा दुसरी गोष्ट दिसली. मोठे बोअर आलेले जॉब फिनिशिंगची टिप बदलल्यानंतरचे पहिले किंवा दुसरे होते. रिवर्कला गेलेले लहान बोअर टिप बदलायच्या आधीचे.

म्हणजे मशीन दिवसभर बरोबर माप देत होतं आणि टिप बदलण्याच्या आगेमागेच माप सुटत होतं.

मामांचं उत्तर

त्या मशीनवर एक जुने ऑपरेटर होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. टिप खूपच घासेपर्यंत चालवतात, अशी सुपरवायझरची त्यांच्याबद्दल तक्रार. त्यांनी काढून ठेवलेली टिप भिंगातून पाहिली तर कड खरोखरच बरीच खाल्लेली होती. लवकर का बदलत नाही, असं विचारलं. ते म्हणाले:

“साहेब, जुन्या टिपेवर बोअर बारीक येतोय. बारीक आला तर परत मारता येतंय. नवी टिप घातली की पैला जॉब जातोय. मग मी कशाला बदलू?”

या प्रकरणातलं सगळ्यात नेमकं निदान हेच होतं आणि ते मशीनवर उभं राहणाऱ्या माणसाकडून आलं. टिप उशिरा बदलणं हा आळस नव्हता, तो हिशेब होता. उशीर केला तर रिवर्क, बदलली तर डेबिट. असा सौदा समोर असेल तर कुणीही उशीरच करेल. त्यामुळे “टिप वेळेवर बदला” असा बोर्ड लावून काहीच साधलं नसतं. आधी नव्या टिपेचा पहिला जॉब वाचवायला हवा होता. तो वाचला की वेळेवर बदलायला कुणाची ना नव्हती.

पहिला जॉब का जात होता

बोअरिंगमध्ये टिप घासते तसं तिचं टोक मागे सरकतं आणि बोअर लहान होत जातो. ऑपरेटर दर काही जॉबला बोअर गेज घालून माप बघतो आणि वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे घासण्याची भरपाई करायच्या कंट्रोलमधल्या रकान्यात, एक्सला अधिक ०.०१, पुन्हा अधिक ०.०१ असं देत जातो.

हे सरकणं किती असतं याचा हिशेब करता येतो. निगेटिव्ह टिप होल्डरमध्ये साधारण ६ अंश तिरपी बसते, तेवढाच तिचा क्लिअरन्स, म्हणजे कडेखालचा मोकळा कोन. कडेखाली ०.३ मिमी उंचीचा घासलेला पट्टा पडला, तर टोक साधारण ०.३ गुणिले टॅन ६ अंश, म्हणजे ०.०३१ मिमी मागे जातं. व्यासात हा फरक दुप्पट: ६३ मायक्रॉन. आयएसओ ३६८५ या मानकात टिपेचं आयुष्य मोजायला हाच ०.३ मिमीचा पट्टा धरतात आणि रफिंगला ती मर्यादा चांगली आहे. पण आपल्या बोअरचा सगळा टॉलरन्स ८१ मायक्रॉन. फिनिशिंगची टिप तिथपर्यंत ताणली तर पाऊण टॉलरन्स टिपेच्या घासण्यातच जातो. घासण्याची मर्यादा ०.१२ मिमी ठेवली तर व्यासातला फरक २५ मायक्रॉनच्या आसपास राहतो आणि तो ऑफसेटनं सहज सांभाळता येतो.

आता मामांची जुनी टिप घ्या. वेअर ऑफसेटमध्ये अधिक ०.०६ साचलेलं आहे आणि बोअर टॉलरन्सच्या मध्यावर, २८२.०४० च्या आसपास येतोय. टिप फिरवून नवा कॉर्नर आणला आणि ऑफसेट तसाच ठेवला. नवं टोक पुन्हा पुढे आलेलं, त्यावर अधिक ०.०६ ची भर. बोअर २८२.१०० जवळ. वरची मर्यादा २८२.०८१. जॉब गेला. टिप कितीही चांगली असली तरी गेलाच असता.

मग वेअर शून्य का करत नव्हते? काही जण करत होते, पण त्यांचेही जॉब जात होते. कारण त्या वेअरच्या रकान्यात नुसतं घासणं साठलेलं नव्हतं. पहिल्या दिवशीच्या सेटिंगमधली थोडी दुरुस्ती त्यात होती, गरम जॉबवर घेतलेल्या मापामुळे चुकून दिलेला आकडा होता आणि खरं घासणंही होतं. तीन हिशेब एकाच ओळीत. शून्य केलं की तिन्ही एकदम पुसले जायचे आणि बोअर कुठे जाईल ते सांगता यायचं नाही.

याशिवाय टिपेचा स्वतःचा फरक. सीएनएमजीतलं तिसरं अक्षर, एम, टॉलरन्सचा वर्ग सांगतं. १२ आकाराच्या एम वर्गाच्या टिपेत टोकाच्या जागेला ±०.१३ मिमी फरक चालतो. तेच अक्षर जी असेल, म्हणजे टिप ग्राइंड केलेली असेल, तर ±०.०२५. एकाच डब्यातल्या टिपांत एवढा फरक क्वचितच दिसतो, पण मिमीचे दोन-तीन शतांश दिसतो आणि व्यासात तो दुप्पट होतो. स्वस्त टिपांबद्दलचा सुपरवायझरांचा संशय इथं थोडा खरा होता. पण महाग एम वर्गाची टिप आणली असती तरी तिच्या भरवशावर माप न घेता जॉब काढणं धोक्याचंच होतं.

टिपेची बैठक

टिप बदलताना प्रत्यक्ष काय होतं, ते पाहिलं. बीड कोरडं मशीन होत होतं. त्याचा चुरा भुग्यासारखा बारीक असतो, तो चकवर, जॉमध्ये, टरेटवर आणि होल्डरच्या खोबणीत बसतो. ऑपरेटर क्लॅम्प सैल करायचा, टिप बोटानं फिरवायचा आणि परत आवळायचा. खोबणीत आणि शिमवर (टिपेखालच्या पट्टीवर) राहिलेल्या चुऱ्याचा एक कण टिपेला हलकंसं उचलतो किंवा मागच्या कडेला टेकू देत नाही. अशी टिप कापताना हळूहळू बसते. म्हणूनच कधी पहिला जॉब बरोबर यायचा आणि तिसरा बिघडायचा. हे कोडं शॉपमध्ये बरेच दिवस चर्चेत होतं. दोन होल्डरच्या शिमचे कोपरे उडालेले होते आणि त्यावर टिपा तशाच बसवल्या जात होत्या.

उभ्या मशीनची एक वेगळीच अडचण. आडव्या लेथवर स्क्रू सुटला तर तो ट्रेमध्ये पडतो. इथं टरेट वर, खाली चक, त्याच्या टी-स्लॉटमध्ये गरम चुरा. हातातला स्क्रू निसटला की तो थेट तिथं. ऑपरेटर तो शोधायला वाकतो आणि त्याचं डोकं टरेटखाली येतं. झेड ॲक्सिस उभा असतो, त्याला ब्रेक असतो हे खरं, पण उभ्या ॲक्सिसखाली कुणीही डोकं घालू नये. हे टाळायला एक छोटा प्रोग्राम केला. तो चालवला की टरेट बाजूला, दाराजवळ, छातीच्या उंचीवर येऊन थांबतो, मग दार उघडायचं. चकवर रबरी चटई टाकायची आणि स्क्रू चुंबकाच्या वाटीत ठेवायचे. या एका बदलाबद्दल ऑपरेटरांनी मनापासून आभार मानले. मापाशी त्याचा फारसा संबंध नव्हता, पण टिप बदलायचा कंटाळा त्यानं बराच कमी केला.

बैठकीचा क्रम असा ठरला. टिप काढल्यावर आधी ब्रशनं खोबण साफ करायची, मग एअर. नुसती एअर मारली तर चुरा खोबणीच्या कोपऱ्यात आणखी घट्ट बसतो. शिमवर नख फिरवून पाहायचं. नखाला कड लागली तर शिम बदलायचा. नवा कॉर्नर लावताना टिप बोटानं मागच्या भिंतीवर दाबून धरायची आणि मगच आवळायचं, ॲलन कीच्या दांड्याला पाइप न लावता. पाइप लावून आवळणाऱ्यांची संख्या कमी नव्हती. त्यांचे स्क्रू नंतर कुणालाच सुटत नव्हते. वापरलेल्या कॉर्नरवर मार्करचा ठिपका, नाहीतर घासलेला कॉर्नरच पुन्हा पुढे येतो. ते दोनदा डोळ्यांसमोर घडलं.

ट्रायल कट

आता मूळ उपाय. वेअरचा रकाना एकदा स्वच्छ केला. सेटिंगमधली कायमची दुरुस्ती जॉमेट्री ऑफसेटमध्ये (टूलच्या मूळ जागेच्या रकान्यात) हलवली आणि वेअर शून्यावर आणलं. त्यानंतर वेअरमध्ये फक्त घासण्याचा आकडा राहील हे सगळ्यांना सांगितलं. नवा कॉर्नर लावला की वेअर शून्य.

शून्य केल्यावरही टिपेचा फरक उरतोच. म्हणून पहिल्या जॉबवर बोअर मुद्दाम लहान काढायचा. काही शॉपमध्ये ऑपरेटर वेअरमध्ये उणे ०.२ टाकतो आणि मग कापतो. मला ती पद्धत आवडत नाही. रात्री तीनला उणेचं चिन्ह विसरलं की बोअर ०.२ नं मोठा. उपायच रिजेक्शनचं कारण होतो. म्हणून हा लहान बोअर प्रोग्राममध्येच घातला. फिनिशिंगच्या आधी टूल बोअरच्या तोंडाशी फक्त ८ मिमी खोल, २८१.८४० मापाला कापतं, वर जातं, स्पिंडल थांबतं आणि प्रोग्राम एम ०० या थांबण्याच्या कोडवर थांबतो. ऑपरेटर बोअर गेज घालतो. समजा २८१.८६ मिळालं. अपेक्षेपेक्षा ०.०२ मोठं, म्हणजे वेअरमध्ये उणे ०.०२. मग सायकल स्टार्ट, पूर्ण बोअर योग्य मापाला येतो.

ट्रायल कट विसरण्याचा धोका होताच. फॅनुकमध्ये ५०० पासूनच्या मॅक्रो व्हेरिएबलमधले (कंट्रोलच्या आठवणीतल्या रकान्यांतले) आकडे वीज गेली तरी टिकतात. त्यातला एक आकडा कॉर्नरवर किती जॉब झाले ते मोजतो, ठरलेला आकडा आला की मशीन ३००० नंबरच्या व्हेरिएबलनं अलार्म देऊन थांबतं. ऑपरेटर टिप बदलून काउंटर शून्य करतो. काउंटर शून्य दिसला की पुढच्या जॉबला प्रोग्राम आपोआप ट्रायल कटच्या वाटेनं जातो. लक्षात ठेवायला काही उरत नाही. वेअरमध्ये एका वेळी किती आकडा टाकता येईल याची मर्यादाही पॅरामीटरमध्ये घालता येते. तीही घातली, म्हणजे ०.०२ ऐवजी चुकून २ टाकलं तर कंट्रोल ते घेतच नाही.

एक बारीक गोष्ट राहिली होती, ती मामांच्या लक्षात आली. ट्रायलच्या ८ मिमी भागात शेवटच्या कटला मटेरिअल कमी उरतं, खालच्या भागात जास्त. टोकाची त्रिज्या ०.८ आणि कट ०.१ मिमी खोल असेल तर टिप कापण्यापेक्षा जास्त ढकलली जाते. त्यामुळे ८ मिमीच्या हद्दीवर एक हलकी रेघ दिसते. माप टॉलरन्समध्ये आणि बोअर हबवर बसणारा, म्हणून ती चालली. दिसण्याला महत्त्व असतं तर ट्रायल कट पूर्ण खोलीचा घ्यावा लागला असता आणि फिनिशिंग दोन पासात करावं लागलं असतं.

गरम जॉबचं माप

हे सगळं झाल्यावरही अधूनमधून एखादा बोअर लहान यायचा आणि तो बहुतेक रफिंगनंतर लगेच ट्रायल घेतलेल्या जॉबवर. कास्ट आयर्न दर अंशाला मीटरमागे साधारण १० ते ११ मायक्रॉन फुगतं. २८२ मिमीचा बोअर खोलीपेक्षा १५ अंश गरम असेल तर तो सुमारे ४५ मायक्रॉन मोठा दिसतो. टॉलरन्सच्या निम्म्याहून जास्त. ऑपरेटर गेजमध्ये मोठा बोअर बघतो, ऑफसेट कमी करतो, जॉब थंड झाला की बोअर लहान. वेअरच्या रकान्यात भलता आकडा साठण्याचं एक कारण हेच होतं.

इथं महागडा उपाय लागला नाही. कामाचा क्रम बदलला: ड्रमचं आतलं रफिंग, मग बाहेरचं आणि फेसचं काम, बोअरचं फिनिशिंग सगळ्यात शेवटी. मधल्या वेळात जॉब थोडा निवतो. ट्रायलच्या जॉबला एम ०० नंतर एअर मारून जरा वेळ जाऊ द्यायचा. बोअर गेज जिच्यावर जुळवतात ती सेटिंग रिंग आधी खिडकीतल्या उन्हात असायची, ती मशीनशेजारी स्टँडवर आणली. तरीही एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दुपार आणि पहाट यांचं माप जुळत नाही. त्यासाठी दर पाळीला गेज रिंगवर तपासणं एवढंच हातात आहे.

रफिंगची टिप आणि काउंटरचा आकडा

बोअरचा प्रश्न सुटला तेव्हा रफिंगचा पुढे आला. ४१० व्यासाच्या पट्ट्यावर रफिंग ३०० मीटर प्रति मिनिट वेगानं चालत होतं, फीड दर फेऱ्याला ०.३ मिमी. तेवढ्यासाठी चक मिनिटाला २३३ फेरे घेतो आणि १८० मिमीचा एक पास अडीच मिनिटांहून थोडा जास्त वेळ घेतो. या एका पासात टिपेचं टोक बिडावरून सुमारे ७७० मीटर घासत जातं. हा आकडा ऐकून मालक गप्प झाले. “एका टिपेवर एवढेच जॉब?” असं त्यानंतर त्यांनी विचारलं नाही.

कॅटलॉगमधले वेग बऱ्याचदा १५ मिनिटांच्या आयुष्यावर दिलेले असतात. तसं धरलं तर ३०० च्या वेगानं एका कॉर्नरवर सहा पासही पुरे होत नाहीत. वेग २५० केला तर? फ्रेडरिक टेलर यांनी कटिंगवरच्या प्रयोगांतून काढलेलं आणि १९०७ साली प्रसिद्ध झालेलं, वेग आणि टिपेचं आयुष्य जोडणारं सूत्र आजही इथं लागू पडतं. कार्बाइडसाठी त्यातला घात साधारण ०.२५ धरतात, म्हणजे वेग सहाव्या हिश्शानं कमी केला की आयुष्य दुपटीहून थोडं वाढतं, ३१ मिनिटांच्या आसपास. पासचा वेळ तीन मिनिटांवर जातो आणि एका कॉर्नरवर दहा पास मिळतात.

पैशाचा हिशेब मांडला. मशीनचं मिनिट १० रुपये, एक कॉर्नर ८० रुपये, टिप फिरवायला ४ मिनिटं असं धरलं, तर दर पासला फक्त साडेतीन रुपये वाचतात. फार नाही. मालकांना हा आकडा फुसका वाटला आणि तो आहेच. तरी वेग कमी करायला मी सांगितलं, त्याचं कारण दहा. फाउंड्रीतून ड्रम दहाच्या रॅकमध्ये येतात. आता टिप फिरवायची वेळ रॅक संपण्याच्या वेळेशी जुळली. ऑपरेटर नवी रॅक आणायला थांबतोच, त्याच वेळी टिपही बदलली जाते. वेळेचं काम मागून आठवायची गरज राहत नाही.

पण काउंटर कास्टिंगला ओळखत नाही. एखाद्या हीटच्या (एका वेळी वितळवलेल्या बिडाच्या) ड्रमवर चौथ्या पासालाच टिपेचा तुकडा उडतो. बीड ओतताना इनॉक्युलेशनचा (वितळलेल्या बिडात टाकायच्या मिश्रणाचा) परिणाम विरला, कार्बन कमी पडला, तर पातळ कडेवर बीड पांढरं आणि कडक, म्हणजे चिल होतं आणि तिथं टिप टिकत नाही. कधी वरच्या कातडीत वाळू अडकलेली असते. पहिला कट कातडीच्या खालून गेला पाहिजे. वरवर खरवडत गेला तर टिप वाळूवरच घासते. अशा लॉटला काउंटरचा आकडा निम्म्यावर आणायचा अधिकार ऑपरेटरला दिला आणि वहीत हीट नंबर लिहायला सांगितलं. फाउंड्री रस्त्यापलीकडेच असल्यानं ती वही पुढे उपयोगी पडली. “टिप लवकर जाते” या तक्रारीवर फाउंड्री कधी हलली नव्हती. हीट नंबर आणि उडालेल्या टिपा टेबलवर ठेवल्यावर त्यांच्या लॅबनं नमुने मागवले.

आता काय चाललंय

नव्या कॉर्नरनंतरचा मोठा बोअर त्या कोपऱ्यातल्या ढिगात आता दिसत नाही. मामा काउंटरचा अलार्म यायच्या आधीच कधीकधी टिप बदलतात आणि सुपरवायझरांची तक्रार आता उलट आहे: टिपांचा खप वाढला. खप वाढलाय हे खरं. फिनिशिंगची टिप ०.१२ मिमी घासल्यावर काढतो म्हटल्यावर तो वाढणारच. त्या टिपा फेकायच्या नाहीत. फिनिशिंगला संपलेला कॉर्नर रफिंगला अजून चालतो, कारण टिप तीच आहे. त्यासाठी मशीनशेजारी वेगळा डबा ठेवलाय. त्याला अर्धाच प्रतिसाद आहे. रात्रपाळीत तो डबा बहुतेक रिकामा राहतो.

मालकांना आता मशीनवर टूल सेटरचा हात बसवायचा आहे. टिप बदलल्यावर टूल त्या सेन्सरला टेकवलं की ऑफसेट आपोआप भरला जातो आणि ट्रायल कट वाचतो. चांगली वस्तू आहे. पण बिडाच्या चुऱ्यात सेन्सरचं टोक रोज पुसावं लागेल आणि ढकलल्या गेलेल्या टिपेचा किंवा गरम जॉबचा फरक त्याला कळणार नाही. सध्याच्या टॉलरन्सला ट्रायल कट पुरेसा आहे. दुसरा ग्राहक एच ७ चं ड्रॉइंग घेऊन आलाय. त्याच मापाला तिथं ५२ मायक्रॉनच मिळतात. ती ऑर्डर घेतली तर फिनिशिंगला आधी जी वर्गाच्या टिपा घ्या, सेटरचा विचार त्यानंतर करा, असं त्यांना सांगितलंय.